नवतप्यात नागपूरची संग्रहालयं आणि एकोणीस नंबरचा चेहरा

नवतप्यात नागपूरला निघालेल्या माणसाला नागपूरचेच लोक आधी वेड्यात काढतात. मे संपता संपता येणारे हे नऊ दिवस तिथल्या उन्हाळ्याचा कळस. मी मात्र जाणूनबुजून तेच निवडले. मी सांगलीला शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे सलग सुट्टी मिळते ती मे महिन्यातच. शिवाय त्या दिवसांत तिकडे कुणी फिरकत नाही, म्हणजे रेल्वेचं आरक्षण मिळतं, लॉजवाले घासाघीस करू देतात आणि संग्रहालयांत गर्दी नसते.

जुन्या वाचकांना माझा नेम माहीत आहे. वर्षाला एक शहर, त्यातली फक्त संग्रहालयं, आणि खर्च असा की परत आल्यावर कुणाकडे हात पसरावा लागू नये. यंदा नागपूर ठरलं कारण तिथे रमा आहे. बी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो. आता ती बँकेत आहे आणि प्रताप नगरात आईला घेऊन राहते. फोनवर म्हणाली, "ये, पण कांदा सोबत ठेव अन् दुपट्टा आण. इथलं ऊन पाहुणा पाहत नाही." माझा राहण्याचा खर्च वाचला. ज्यांची कुणी रमा नाही त्यांनी सीताबर्डीत लॉज पाहावा. नागपूरकर नुसतं 'बर्डी' म्हणतात. तिथून मेट्रो चारही दिशांना जाते आणि भर उन्हात गार बसून प्रवास होतो.

सांगलीहून नागपूर म्हणजे जवळजवळ एक पूर्ण दिवस रेल्वेत. स्लीपरने गेले. वर्धा येईपर्यंत खिडकीला लावलेला ओला टॉवेल तीनदा वाळला. मंगळवारी सकाळी उतरले, तेही ठरवून, कारण सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात. ही गोष्ट मी एकदा दुसऱ्या एका शहरात बंद दारापुढे उभी राहून शिकले आहे.

पहिल्या दिवशी तर्री पोहे खाऊन आम्ही जुन्या सरकारी संग्रहालयात गेलो. तिकीट दोन चहांइतकं. आत शिलालेख, नाणी, शस्त्रं, आणि पेंढा भरलेल्या जनावरांचं लांबलचक दालन. दालनात आम्ही दोघीच. उंच छत, जाड भिंती, कुठेतरी एक पंखा फिरत होता. काचेचे डोळे लावलेल्या त्या जनावरांमधून चालताना मी नकळत हळू बोलायला लागले, आणि मग बोलायचीच थांबले. रमा पुढे गेली होती. मी मागे वळून पाहिलं तर एक सांबर माझ्याकडे पाहत होतं. पुढे सरकले तरीही पाहतच होतं. काचेच्या डोळ्यांचं ते असतंच, एवढं मला कळतं. तरी मी पावलं भराभर उचलली.

एक वाजता बाहेर आलो तेव्हा रस्ता मोकळा होता. नागपूरची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे सांगून पटायचं नाही. रुंद रस्ते, सिग्नल लाल-हिरवे होताहेत आणि खाली माणूस नाही. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, आतून कूलरचा आवाज. जे थोडे लोक दुचाकीवर जातात त्यांचे चेहरे दुपट्ट्याने पूर्ण गुंडाळलेले, नुसते डोळे दिसतात. बाई की बुवा, म्हातारं की तरुण, कळत नाही. अख्ख्या गावाने चेहरे काढून घरी ठेवलेत, असं काहीतरी मनात आलं. रमाला बोलले नाही. तिचाही चेहरा गुंडाळलेलाच होता.

घरी तिच्या आईंनी वडाभात केला होता. त्यांचं नाव यमुनाबाई, वय सत्तरीच्या पुढे, मी त्यांना आईच म्हणते. भातावर वरून काय घातलं आहे विचारलं तर म्हणाल्या, सांबार. मी वाटीत सांबार शोधत बसले, तेव्हा कळलं की इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या बराच वेळ हसत होत्या. हे आवर्जून लिहिते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात हसू थोडं आहे.

बुधवारी सकाळी छोट्या रेल्वेचं संग्रहालय केलं. अरुंद रुळांवरची जुनी इंजिनं, लाकडी बाकांचे डबे. डब्यात चढून बसता येतं, म्हणून मुलं बरोबर असतील तर हे पहिलं ठेवा आणि साडेदहाच्या आत उरका. आम्ही बसलो तेव्हा डबा तापत होता आणि लोखंड फुगून टकटक आवाज येत होता, कधी पुढून, कधी मागून, कुणी चालत गेल्यासारखा. रमा म्हणाली की अशाच गाडीने ती आईबरोबर आजोळी जायची, भंडाऱ्याकडच्या खेड्यात. आजोबा मात्र तिने पाहिले नव्हते. ती जन्मायच्या आधीच ते गेले. घरात त्यांचा फोटोही नव्हता. कधी काढलाच नव्हता.

दुपारसाठी त्या दिवसाच्या यादीतलं शेवटचं नाव होतं. सक्करदऱ्याच्या बाजूला एका जुन्या कॉलेजात माणसांचा अभ्यास करणाऱ्या विभागाचं छोटं संग्रहालय आहे, असं एका ओळखीच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं. ते कॉलेजचं खासगी असल्याने नाव लिहीत नाही. तिकीट नाही, फक्त विभागाची परवानगी लागते. मी आधी पत्र पाठवलं होतं.

दार देवराव नावाच्या शिपायांनी उघडलं. निवृत्तीला आलेले, बारीक, खांद्यावर पंचा. तीस वर्षं हीच खोली सांभाळतो म्हणाले. खोली कसली, लांब दालनच. मातीची भांडी, नांगर, मासे धरायच्या टोपल्या. आत तेवढं ऊन नव्हतं म्हणून रमाने दुपट्टा सोडला. देवराव आम्हाला कणगी दाखवत होते, ते बोलता बोलता थांबले. रमाच्या तोंडाकडे पाहत राहिले, एक पाऊल मागे गेले. रमाला अवघडल्यासारखं झालं. तिने विचारलं, काय झालं?

"ताई," ते म्हणाले, "जरा इकडं या."

दालनाच्या टोकाला काचेच्या लांब कपाटात चेहरे होते. प्लास्टरचे. चोवीस. खऱ्या माणसांच्या तोंडावर लिंपून साचा घेतात आणि त्या साच्यातून हुबेहूब चेहरा काढतात, तसे. सगळ्यांचे डोळे मिटलेले, कारण ओलं प्लास्टर लावताना डोळे मिटावेच लागतात. सगळ्यांचे ओठ घट्ट. काहींच्या कपाळाला आठ्या होत्या, त्या क्षणी पडलेल्या आणि नंतर कधीच न गेलेल्या.

देवरावांनी एकोणीस नंबरकडे बोट दाखवलं.

हनुवटीवरची खळी, वरच्या ओठाची डावीकडे किंचित उचललेली कड, कपाळाची ठेवण. रमाचा चेहरा होता. रमा पंचविशीतली आणि पुरुष असती तर. मी आणि ती एका खोलीत झोपत होतो, मला तिचा झोपलेला चेहरा पाठ आहे. तो समोर पांढरा पडून होता.

चेहऱ्याखाली टाइप केलेली इंग्रजी चिठ्ठी होती. पुरुष, शेतमजूर, वय अंदाजे पंचवीस. मग जात. मग गावाचं नाव. माणसाचं नाव नव्हतं, चोवीसांपैकी एकाचंही नव्हतं. रमाने गाव वाचलं आणि कपाटाच्या चौकटीला हात टेकला. ते तिचं आजोळ होतं.

देवराव हळू आवाजात सांगत राहिले. दिवसभर यांच्यासोबत एकटं बसायचं म्हणून त्यांनी आपल्या मनाने सगळ्यांना हाका ठरवल्या होत्या. एकोणीसला ते मामा म्हणत. पुसताना बोलावं लागतं, म्हणाले, न बोलता पुसलं तर बरं नाही वाटत. मग त्यांनी आम्हाला वाकून पाहायला सांगितलं. मिटलेल्या पापणीच्या कडेला तीन-चार बारीक काळे केस रुतले होते. साच्यात अडकून आलेले खऱ्या माणसाचे.

परतताना मेट्रोत आईला सांगायचं की नाही हेच रमाचं ठरत नव्हतं. घरी आल्यावर तिने एवढंच म्हटलं की एका ठिकाणी जुन्या माणसांचे चेहरे पाहिले, आणि त्यातला एक तुझ्या गावचा आहे.

यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"पांढऱ्या मातीचा?" त्यांनी विचारलं. "डोये बंद हायेत का?"

प्लास्टरचा शब्दही रमाने काढला नव्हता.

मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं. त्यांचे वडील डोमाजी. यमुनाबाईंच्या जन्माच्या बऱ्याच आधी, धानाच्या लावणीच्या दिवसांत गावात बैलगाडीतून तीन माणसं आली होती, सोबत पांढऱ्या पिठाची पेटी. पाटलाने पुरुष रांगेत उभे केले. डोमाजींना खाटेवर निजवलं, नाकात दोन नळ्या घातल्या आणि तोंडावर गार चिखल ओतला. हलू नको म्हणाले. तो चिखल आधी गार होता, मग तापत गेला आणि घट्ट झाला. ते म्हणत, मला वाटलं हे मला जिवंतपणीच पुरून राहिले. नंतर तो निघाला तेव्हा त्यावर आपलंच तोंड उलटं उमटलेलं त्यांनी पाहिलं. माणसं ते गाडीत घालून घेऊन गेली.

"'माहा चेहरा घेऊन गेले' असं सांगे तो," आई म्हणाल्या. "लोक हासत. मी बी हासत होती. पण रोज सकाळी उठला का आधी तोंडावरून हात फिरवे. आहे का नाई पाहे."

कितीही थंडी असो, ते कधी तोंडावर पांघरूण घेत नसत. ते गेले तेव्हा जुन्या माणसांनी रिवाजाप्रमाणे तोंडावर धडोतं, म्हणजे कापड, ओढलं, ते यमुनाबाईंनी काढलं. त्यावरून भावकीत बोलणी खाल्ली. काहून काढलं, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नव्हतं.

गुरुवारची माझी यादी मी रद्द केली. आम्ही रिक्षा ठरवली, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, आईंच्या डोक्याला ओला रुमाल बांधला. सकाळी अकराला कॉलेजात पोचलो. देवरावांनी खुर्ची आणून कपाटापुढे ठेवली आणि कुणी न सांगता काच सरकवली.

आई खुर्चीत बसल्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी डावा हात पुढे केला आणि बोटांची मागची बाजू त्या चेहऱ्याच्या नाकाखाली धरली, श्वास चालू आहे का पाहतो तशी. दालनात काही हलत नव्हतं. पंखा बंद होता. मीही श्वास रोखला होता, हे मला नंतर कळलं.

"गरम हाय," त्या म्हणाल्या.

रमाने हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग मी लावला. गालाला. अंगात कणकण असलेल्या माणसाचा गाल लागतो तसा तो लागला. मी इतिहास शिकवते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. म्हणून अठराला हात लावला. गार. विसाला लावला. गार. खिडकी समोरच्या भिंतीला होती आणि देवराव म्हणाले की इथे ऊन चारच्या आधी पोचत नाही. सांगलीला आल्यावर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी प्लास्टरच्या जाडीचं, आत राहिलेल्या पोकळीचं काहीतरी समजावलं. असेल तसंच. तो गाल माझ्या हाताला अजून आठवतो.

आईंनी देवरावांना विचारलं, तू याले काय म्हणतोस? मामा, ते संकोचून म्हणाले.

"माह्या बापाले मामा म्हणतोस, तं माहा आतेभाऊ झाला तू," आई म्हणाल्या. देवरावांनी पंच्याने तोंड पुसलं.

मग त्यांनी रमाला चिठ्ठी वाचायला लावली. रमाने मराठीत सांगितलं, पुरुष, शेतमजूर, वय, गाव. आईंनी विचारलं, मधात काय सोडलं? रमा म्हणाली, काही नाही. पुन्हा विचारल्यावर तिने वाचलं.

"ते तं आम्ही छप्पनले इथं नागपुरात सोडून गेलो वं," आई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी त्याच्या खांद्यावर होती. दीक्षा घेऊन परत पायी गेला थो, रस्ताभर हासत. त्यानं सोडलं, अन् यायनं इथं त्याच्या गयात बांधून ठेवलं."

विभागाच्या मॅडम आल्या, तरुण होत्या. चिठ्ठी हा नोंदीचा भाग आहे, परवानगीशिवाय काढता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी एकदा रमाकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे. त्या जाऊन जुनं रजिस्टर घेऊन आल्या. शाईने लिहिलेली इंग्रजी नोंद, एकोणीस, तेच गाव. नावाच्या रकान्यात आडवी रेघ. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, साचा एक, प्रती तीन.

एक इथे. उरलेल्या दोन कुठे, असं मी विचारलं. मॅडमनी पान उलटलं, मागचं पाहिलं. रवाना, एवढंच लिहिलेलं होतं. कुठे ते नाही.

म्हणजे डोमाजींचा चेहरा आणखी दोन जागी आहे. कुठल्या शहरात, कुठल्या देशात, कुठल्या तळघरात कोण जाणे. डोळे मिटून, ओठ आवळून. मी हे आईंना सांगू नये म्हणून रमाने माझा हात दाबला. पण त्यांनी ऐकलं होतं.

रमाने चिठ्ठी बदलण्याचा अर्ज लिहायला घेतला, तोही मॅडमनीच सांगितला. चेहरा कुटुंबाच्या ताब्यात मागावा का, असं रमाने आईंना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"घरी नेऊन कुठं ठेवता त्याले? नाव लावा. नावानं राहू द्या."

शुक्रवारी परतीची गाडी होती. उरलेल्या वेळात लकडगंजला जाऊन चिवडा आणि संत्रा बर्फी घेतली. चार दिवसांत माझा सगळ्यात मोठा खर्च रेल्वेच्या तिकिटाचा, त्यानंतर या खाऊचा. संग्रहालयांचं म्हणाल तर सगळी मिळून एका सिनेमाच्या तिकिटातही बसली नाहीत. नवतप्यात जायचं असेल तर सकाळी उघड्यावरचं बघा, दुपारी जाड भिंतींचं. कॉलेजांची संग्रहालयं यादीत आवर्जून घाला आणि आधी पत्र पाठवा. एकटे मात्र जाऊ नका.

जुलैत रमाने फोटो पाठवला. जुनी चिठ्ठी रजिस्टरमध्ये गेली आहे. तिच्या जागी आईंनी सांगितल्याप्रमाणे मराठीत लिहिलंय: डोमाजी, यमुनाबाईचे वडील. धान लावत. मॅडमनी बाकीच्या तेवीस जणांच्या गावांना पत्रं पाठवायला सुरुवात केली आहे. दोन गावांतून उत्तर आलं आहे.

आता राहिलेल्या दोन प्रती. हा ब्लॉग परदेशात राहणारे काही जण वाचतात, हे मला माहीत आहे. कुठल्या संग्रहालयात मिटल्या डोळ्यांचा असा चेहरा दिसला, हनुवटीवर खळी, ओठ डावीकडे उचललेला, तर खालची चिठ्ठी वाचू नका. डोमाजी म्हणून हाक मारा. आणि मला कळवा.

मागच्या आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी मी पार्लरमध्ये गेले होते. मुलीने तोंडावर गार लेप लावला, डोळ्यांवर कापूस ठेवला आणि पंधरा मिनिटं हलू नका म्हणाली. लेप वाळून ताणायला लागला. अंधारात मला माझाच श्वास ऐकू येत होता, दोन बारीक नळ्यांतून यावा तसा. मी दोन मिनिटंसुद्धा काढली नाहीत. उठून बसले, नखांनी सगळं खरवडून काढलं. ती घाबरली, विचारू लागली, काकू, आग होतेय का? मी आरशात पाहिलं नाही. हाताने चाचपून पाहिलं.

घरी येऊन आईंना फोन लावला. एक गोष्ट विचारायची राहिली होती. तो साचा निघाल्यावर, माणसं गाडीत बसून निघून गेल्यावर, डोमाजींनी काय केलं?

"काय करन?" त्या म्हणाल्या. "विहिरीवर तोंड धुतलं अन् गेला धान लावाले. दिवस बाकी होता ना."